साखरेच्या कोळशाचे चुंबकत्व : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. सेंद्रिय पदार्थ हवेविना तापवला, म्हणजेच त्याचे पायरोलिसिस केले, की मागे जो कार्बन उरतो तो चुंबकाला कसा प्रतिसाद देतो, हे आम्ही मोजणार आहोत. पदार्थ म्हणून साखर निवडली. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही हे एक कारण झाले. पण खरे कारण असे की बाजारात मिळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमध्ये साखरेइतका शुद्ध पदार्थ क्वचितच सापडतो, आणि तिच्या वजनात कार्बन किती याचा हिशोब (४२ टक्के) आधीच मांडता येतो.

हा विषय मला अनेक वर्षे खुणावतो आहे. साधा कार्बन प्रतिचुंबकी असतो, म्हणजे चुंबक त्याला किंचित दूर लोटतो. हिऱ्याची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप, एका ग्रॅममागे उणे ०.५ दशलक्षांश ईएमयूच्या (चुंबकीय मापनातले एकक) आसपास आहे; उणे चिन्ह म्हणजे दूर लोटले जाणे. ग्राफाइटची मात्र थराच्या समांतर दिशेत जवळपास तेवढीच आणि थराला काटकोनात उणे २१ दशलक्षांशाच्या घरात आहे, कारण थरांमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन काटकोनातील क्षेत्राला जोरदार विरोध करतात. याच कार्बनमध्ये तुटलेले बंध आणि जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉनही असू शकतात. प्रत्येक कार्बन अणूवर असा एक अयुग्मित इलेक्ट्रॉन राहिला आणि त्या साऱ्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचे अंगभूत इवले चुंबकत्व) एकाच दिशेला वळले, तर एका ग्रॅमचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद, ४६५ ईएमयू येते. लोखंडाचे २१८ आहे. हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा दोघींपैकी एकीने तो पुन्हा स्वतःच्या वहीत सोडवून पाहिला, आणि तिचेही उत्तर तेच आले. प्रत्यक्षात असा कार्बन कोणी बनवलेला नाही. तरीही १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सेंद्रिय पदार्थ ६०० ते १००० अंशांदरम्यान तापवून त्यांत लोहचुंबकत्व (लोखंडासारखे जोरदार चुंबकत्व) सापडल्याचे दावे अनेकदा झाले, ते या आकड्याच्या ओढीनेच.

आमच्याकडे १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी एक ट्यूब फर्नेस, नायट्रोजनचे सिलिंडर आणि रसायनशास्त्र विभागाचा गूई तराजू आहे; चुंबकीय क्षेत्रात नळीतल्या नमुन्याचे वजन किती बदलते हे तो मोजतो. प्रकल्पापुरते एवढे पुरेसे आहे.

१७ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीनंतर आज पहिली खेप झाली. साखर थेट फर्नेसमध्ये ठेवता येत नाही, कारण १८६ अंशांच्या आसपास ती वितळते, पुढे तांबूस होते आणि मग पाणी व वायू बाहेर पडताना फसफसून इतकी फुगते की अरुंद नळीत ती नक्कीच उतू जाईल. म्हणून आधी मोठ्या पसरट भांड्यात सावकाश तापवून तिचा घट्ट, काळा, ठिसूळ कॅरमेल करून घ्यावा असे ठरले. एवढे मोठे काचपात्र शिल्लक नव्हते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मामांनी उपाहारगृहातून एक कढई आणली आणि आम्ही तीच वापरली. फेस वर आला, पृष्ठभागावर मोठे चकचकीत बुडबुडे उठून फुटू लागले आणि सगळ्या मजल्यावर जळक्या पाकाचा वास पसरला. थंड झाल्यावर हाती आलेला काळा पोकळ स्पंज बोटांनी दाबला की काचेसारखा कडकन मोडत होता.

त्याचे दोन भाग केले. नायट्रोजनच्या प्रवाहात एक ६०० अंशांवर आणि दुसरा ९०० अंशांवर, प्रत्येकी दोन तास ठेवला. मूळ साखरेच्या वजनाच्या साधारण २२ टक्के कोळसा उरला. कागदावर ४२ टक्के कार्बन असला तरी त्यातील बराचसा डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

२१ जानेवारी

आज सकाळी निओडायमियम चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन्ही कोळशांच्या भुकटीजवळ नेला. ६०० अंशांची भुकटी ढिम्म राहिली. ९०० अंशांच्या भुकटीतले कण मात्र उभे राहिले, एकमेकांना धरून दाढीच्या खुंटांसारखे चुंबकाकडे वळले आणि त्यांतले काही उडी मारून पिशवीला चिकटले. ‘मॅडम, हे कार्बनच आहे ना?’ असे विचारताना एका विद्यार्थिनीचा आवाज कापत होता. मलाही क्षणभर काही सुचले नाही. शुद्ध साखर तापवावी, ६०० अंशांवर काहीच नसावे आणि ९०० अंशांवर चुंबकत्व प्रकट व्हावे, हे त्या जुन्या दाव्यांशी हुबेहूब जुळत होते. तपमानानुसार काहीतरी घडून येते आहे असेच कोणालाही वाटले असते.

गूई तराजूवर ५००० गौस (चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात या भुकटीच्या नळीचे वजन १९ मिलिग्रॅमने वाढले. ते १ ते २ मिलिग्रॅमने घटायला हवे होते.

२२ जानेवारी

काल रात्री एक हिशोब केला, तो दोघींना समजावून सांगितला आणि इथेही नोंदवून ठेवते, कारण या प्रकल्पातले यापुढचे प्रत्येक पाऊल त्याच्यावर उभे राहणार आहे.

कार्बनची ग्रहणशीलता उणे ०.५ दशलक्षांश धरली, तर ५००० गौसमध्ये एका ग्रॅमचे आघूर्ण उणे ०.००२५ ईएमयू होते. धातुरूप लोहाचे संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त गाठता येणारे, आघूर्ण ग्रॅममागे २१८ ईएमयू असल्याने तेवढेच, पण उलट चिन्हाचे आघूर्ण निर्माण करायला अवघे साडेअकरा मायक्रोग्रॅम लोह पुरते. म्हणजे एका ग्रॅम कोळशात साडेअकरा मायक्रोग्रॅम लोखंड असेल, तर कार्बनचे स्वतःचे प्रतिचुंबकत्व पूर्ण झाकले जाते. त्याहून थोडे जास्त असेल, तर पदार्थ लोहचुंबकी ‘दिसतो’. शिवाय साखरेचा पाऊण भाग वाफ व वायू होऊन जातो आणि लोह मात्र जागच्या जागी राहते, त्यामुळे साखरेत जे काही लोह असेल ते कोळशात चौपट ते पाचपट दाट होते.

या हिशोबाने कालच्या १९ मिलिग्रॅमसाठी ग्रॅममागे साधारण ७० मायक्रोग्रॅम धातुरूप लोह पुरेसे आहे. ते आले कुठून, हे आधी शोधायचे.

३० जानेवारी

पहिला संशय धुळीवर गेला. सोलापूर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहे. आपली काळी माती त्याच खडकाची झीज आहे आणि त्या खडकात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक दाणे असतात. प्रयोगशाळेच्या पश्चिमेकडच्या खिडकीच्या चौकटीवर साचलेली धूळ कागदावर घेतली आणि पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून फिरवला. पिशवी बाजूला करून झटकली, तर कागदावर काळ्या कणांचा नखाएवढा ढीग पडला. ती खिडकी आम्ही रोज उघडी ठेवतो, आणि आमची भुकटी दोन दिवस उघड्या वॉचग्लासवर पडून होती. इतक्या धुळीने ७० मायक्रोग्रॅमचा हिशोब भरून निघेल असे मला वाटत नाही, तरीही आजपासून खिडकी बंद आणि प्रत्येक नमुना झाकलेला, हा नियम केला.

धुळीवरच्या संशयातला आणखी एक दोष या निमित्ताने ध्यानात आला. धुळीतला मॅग्नेटाइट आधीच चुंबकी असल्याने तो ६०० अंशांच्या भुकटीतही दिसायला हवा होता. तिथे तो दिसला नाही. म्हणजे आमच्या कोळशातले लोह ६०० अंशांपर्यंत अशा रूपात होते की चुंबकाला ते कळतच नव्हते, आणि त्यानंतरच्या ३०० अंशांत ते धातू झाले.

७ फेब्रुवारी

आज रसायनशास्त्राच्या मॅडमनी वेळ दिला आणि लोह ओळखण्याची थायोसायनेट चाचणी झाली. कोळसा पोर्सेलिनच्या मुशीत हवेत पूर्ण जाळला, उरलेली चिमूटभर राख शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली, लोह फेरिक रूपात यावे म्हणून नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि शेवटी पोटॅशियम थायोसायनेट घातले. परीक्षानळीतले फिकट द्रावण पाहता पाहता रक्तासारखे लाल झाले. नुसत्या आम्लाची नळी शेजारीच ठेवली होती, ती रंगहीन राहिली. (पहिल्या प्रयत्नात कपाटातले व्यापारी प्रतीचे पिवळसर आम्ल वापरले होते, तेव्हा नुसत्या आम्लाची नळीही लाल झाली. ते पिवळेपण लोहामुळेच असते. असे आम्ल वापरून ‘शुद्ध केलेला’ कार्बन काय शुद्ध असणार!) फेरिक अलमच्या प्रमाणित द्रावणांशी रंग ताडून पाहिला. ग्रॅममागे सुमारे ११० मायक्रोग्रॅम लोह निघाले. चुंबकाला त्यातले ७० दिसले होते. उरलेले कार्बाइडच्या किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असावे, कारण त्यांचे आघूर्ण धातूएवढे भरत नाही.

उगम ती लोखंडी कढईच होता. साखर जळताना आम्लधर्मी पदार्थ तयार होतात आणि गरम आम्लधर्मी पाक लोखंड खातो. ते लोह आयनांच्या रूपात पाकात सगळीकडे सारखे पसरले, म्हणून ६०० अंशांवर चुंबकाला ते कळले नाही. त्याच्या वर तापमान गेल्यावर भोवतालच्या कार्बननेच त्याचे क्षपण करून धातू बनवला. लोहभट्टीत कोळसा जे काम करतो तेच फर्नेसमधल्या आमच्या दोन सेंटिमीटरच्या होडीसारख्या भांड्यात झाले.

मला यातली गंभीर गोष्ट नोंदवायची आहे ती अशी. पायरोलिसिस हीच क्रिया दडलेल्या लोहाला चुंबकी रूप देते. त्यामुळे तापमान वाढवल्यावर चुंबकत्व ‘जन्माला येते’, ठरावीक तापमानाला शिखर गाठते आणि खेपेगणिक बदलते, आणि कार्बनमधील नव्या रचनेचा पुरावा म्हणून आपण नेमके याच खुणांकडे बोट दाखवतो. कच्च्या मालात लोह नव्हते हे सांगून भागत नाही. अंतिम कोळशातले लोह मोजलेच पाहिजे, आणि तेही त्याच नळीतल्या नमुन्यातले.

११ फेब्रुवारी

विद्यार्थिनींनी ‘मग हे सगळे दावे खोटेच का?’ असे विचारले, म्हणून आज प्रयोग थांबवून तासभर बोललो. सर्वांत गाजलेले उदाहरण २००१ सालचे आहे. सी-६० चे, म्हणजे साठ कार्बन अणूंचे चेंडूसारखे, रेणू दाब आणि उष्णतेने एकमेकांना जोडून केलेल्या कार्बनमध्ये लोहचुंबकत्व सापडले आणि त्याचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, ५०० केल्विनच्या आसपास आहे, असा लेख ‘नेचर’मध्ये आला. पुढे नमुन्यांत लोह आढळले. सिमेंटाइट या लोहकार्बाइडचे क्युरी तापमान २१० अंश सेल्सिअस, म्हणजे ४८३ केल्विनच्या जवळ असते, हा मेळ दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २००६ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला.

तरीही सरसकट नकार देणे मला पटत नाही. टीडीएई-सी-६० या धातुविरहित संयुगात १९९१ साली १६ केल्विनखाली लोहचुंबकत्व दिसले आणि ते टिकून आहे. ग्राफाइटवर प्रोटॉनचा मारा करून, मारा करण्यापूर्वी आणि नंतर त्याच तुकड्याचे मापन करणारे काम लाइप्झिगच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. लोह जर दोन्ही वेळी तेवढेच असेल, तर फरक त्याच्या माथी मारता येत नाही, ही त्या पद्धतीची ताकद आहे. दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला ट्रायअँग्युलिन हा त्रिकोणी रेणू २०१७ मध्ये एक एक रेणू हाताळून तयार करण्यात आला. कार्बनमध्ये स्पिन राहू शकतात याविषयी वाद नाही. साखर जाळून मिळालेल्या विस्कळीत कोळशात ते एका दिशेने उभे राहतात का, हा प्रश्न वेगळा आहे.

२० फेब्रुवारी

शिवजयंतीच्या सुट्टीत एक विद्यार्थिनी पंढरपूरकडच्या आपल्या गावी गेली होती, ती येताना गुऱ्हाळातला गुळाचा खडा घेऊन आली. कल्पना तिचीच, आणि मला ती फार आवडली: ज्यात लोह नक्की आहे असा नमुना मुद्दाम तयार करून पाहायचा. उसाच्या रसातच थोडे लोह असते आणि रस आटतो तो लोखंडी काहिलीत. गुळाचा कोळसा पोर्सेलिनमध्ये ९०० अंशांवर केला. चुंबक चार बोटे दूर असतानाच कण हलू लागले.

हाच कोळसा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवला, धुतला, वाळवला. आम्ल हिरवट-पिवळे झाले, म्हणजे बरेच लोह निघाले. तरी भुकटी चुंबकाला अजूनही चिकटत होती. गरम लोहकणांभोवती कार्बन सुबक थरांत बसतो आणि त्या कवचातून आम्ल आत शिरत नाही. म्हणून ‘आम्लाने धुतले’ एवढ्या वाक्यावर यापुढे आम्ही विसंबणार नाही. लोह काढायचे ते तापवण्यापूर्वी.

११ मार्च

स्वच्छ खेप. रासायनिक शुद्ध प्रतीची सुक्रोज, दोनदा ऊर्ध्वपातित पाणी, कॅरमेल करण्यासाठी झाकण असलेले पोर्सेलिनचे पात्र, एका वेळी फक्त पाच ग्रॅम, अ‍ॅगेटचा खल, प्लॅस्टिकचा चमचा. स्टीलची चाळणी कपाटात बंद केली. थायोसायनेटचा रंग नुसत्या आम्लाच्या नळीहून जेमतेम गुलाबी. ग्रॅममागे २ ते ३ मायक्रोग्रॅम. ९०० अंशांची ही भुकटी चुंबकाखाली हललीही नाही.

२७ मार्च

गूई तराजूचे प्रमाणीकरण पाण्याने केले. नेहमीचे मोहर लवण मी टाळले, कारण ते स्वतःच लोहाचे संयुग आहे आणि त्याची भुकटी त्याच खोलीत, त्याच हातांनी नळीत भरणे मला मान्य नव्हते. पाण्याची ग्रहणशीलता उणे ०.७२ दशलक्षांश आहे आणि नळीत ते भुकटीसारखे विषम बसत नाही.

मोजणी होंडा आणि ओवेन यांच्या रीतीने केली. १९१० च्या सुमारास कोतारो होंडा आणि मॉरिस ओवेन यांनी दाखवून दिले की लोहाची भेसळ संपृक्त झाल्यावर तिचे आघूर्ण वाढत नाही, उलट कार्बनचे आघूर्ण क्षेत्राबरोबर वाढतच जाते. म्हणून मोजलेली ग्रहणशीलता क्षेत्राच्या व्यस्ताशी मांडली की सरळ रेषा येते, तिचा उतार भेसळ सांगतो आणि क्षेत्र अनंत मानल्यावर रेषा अक्षाला जिथे छेदते ती पदार्थाची खरी ग्रहणशीलता. गूई नळीचे एक टोक क्षेत्राबाहेर असल्याने उताराच्या सूत्रात २ हा गुणक येतो, तो एका विद्यार्थिनीने स्वतः सोडवून काढला.

९०० अंशांच्या स्वच्छ कोळशासाठी ३००० गौसला उणे ०.४५ आणि ६००० गौसला उणे ०.५३ दशलक्षांश आले. प्रत्येक आकडा दहा वाचनांची सरासरी आहे, कारण ३००० गौसला वजनातला फरक अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आणि तराजूची अचूकता ०.१ मिलिग्रॅम. रेषेने खरी ग्रहणशीलता उणे ०.६ दिली आणि भेसळ ग्रॅममागे साधारण १ मायक्रोग्रॅम धातुरूप लोह, जी थायोसायनेटच्या आकड्याच्या आत बसते. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे शेजारी बसले, याचे समाधान मोठे आहे.

१६ एप्रिल

दुपारी खोलीत ४१ अंश होते आणि विद्युतचुंबकाचे वेटोळे दहा मिनिटांत हात लावू देईना, म्हणून मोजणी आता सकाळी सात वाजता सुरू करतो.

६०० अंशांचा स्वच्छ कोळसा उणे ०.४ दशलक्षांशावर थांबला, ९०० च्या कोळशापेक्षा ०.२ ने कमी प्रतिचुंबकी. याच तापमानपट्ट्यात कोळशात अयुग्मित इलेक्ट्रॉन सर्वाधिक असतात, हे ईएसआर (अयुग्मित इलेक्ट्रॉन मोजण्याची पद्धत) मापनांतून अनेक दशकांपूर्वीच ठाऊक झाले आहे. ग्रॅममागे एकावर वीस शून्ये एवढे स्पिन, म्हणजे पाचशे कार्बन अणूंमागे एक, धरले तर क्युरीच्या नियमाने खोलीच्या तापमानाला त्यांचे समचुंबकत्व, म्हणजे चुंबकाकडे होणारी क्षीण ओढ, नेमके ०.२ दशलक्षांश येते. जुळणी आकर्षक आहे, म्हणूनच मी ती पेन्सिलने लिहिली आहे. ९०० अंशांवर बेंझिनसारख्या षटकोनी कार्बन वलयांचे (अरोमॅटिक) समूह मोठे होऊन खुद्द प्रतिचुंबकत्वही वाढते, आणि दोहोंचा वाटा वेगळा करायचा तर नमुना द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड करून पाहावा लागेल.

ऑक्सिजनचाही विसर पडता कामा नये. तो वायू समचुंबकी आहे; एका ग्रॅम कोळशाने हवेतला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन जरी धरून ठेवला, तरी ०.११ दशलक्षांशाची भर पडते, म्हणजे आपण ज्या फरकाचा अर्थ लावतो आहोत त्याच्या निम्मी. दोन्ही नमुने १५० अंशांवर नायट्रोजनमध्ये पुन्हा वाळवून, नायट्रोजनखालीच बुचाने बंद करून परत मोजायचे ठरले.

२ मे

वाळवून मोजलेले आकडे: ९०० अंशांचा उणे ०.६२, ६०० अंशांचा उणे ०.४६. ६०० च्या कोळशात सच्छिद्रतेमुळे ऑक्सिजन जास्त धरला गेला असावा. फरक ०.२ वरून ०.१६ झाला, आणि पेन्सिलने लिहिलेली ती जुळणी खोडली. लोहचुंबकत्व मात्र कोणत्याही स्वच्छ नमुन्यात भेसळीच्या हिशोबापलीकडे सापडले नाही.

साखरेच्या कोळशाला १००० अंशांच्या पुढे नेण्याची सोय आमच्याकडे नाही, आणि असती तरी ग्राफाइटचे ते मोठे प्रतिचुंबकत्व इथे दिसले नसते. साखरेचा कोळसा ३००० अंशांवरही ग्राफाइट होत नाही, हे रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच दाखवले आहे.

आज दोघींनी सर्व बाटल्यांवर नवी लेबले लावली: खेप, तापमान, पात्र कशाचे, लोह ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम, आणि त्यानंतर ग्रहणशीलता. कढईतल्या पहिल्या खेपेची बाटली फेकायला निघालेल्या मामांना मी थांबवले. ती ११० मायक्रोग्रॅमच्या लेबलासह पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच फळीवर, स्वच्छ खेपेच्या शेजारी ठेवली आहे.